आवाजावर कायदा हवा, ठेक्यावर नको

अल्बमचं आवरण उघडलं की आत आडवं पसरलेलं एक चित्र दिसतं. मधोमध खोल दरी. एका काठावर काळवंडलेलं शहर आणि त्याच्यापुढे पोलिसांची फळी. दुसऱ्या काठावर हिरवा माळ, स्पीकरच्या भिंती आणि नाचणारी माणसं. दोन्ही काठ जोडणारा दोरांचा झुलता पूल आहे, आणि माळाच्या बाजूला उभा असलेला एक लांब केसांचा तरुण त्या पुलाचा दोर कापतो आहे. मोकळ्या हाताने तो पोलिसांना मधलं बोट दाखवतो. लेस एडवर्ड्स या चित्रकाराने हे चित्र काढलं. 'द प्रॉडिजी' या इंग्लंडमधल्या नृत्यसंगीताच्या गटाचा दुसरा अल्बम, 'म्युझिक फॉर द जिल्टेड जनरेशन', ४ जुलै १९९४ रोजी या चित्रासह दुकानांत आला आणि ब्रिटनच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला.

लग्नाचा शब्द देऊन ऐनवेळी ज्याला वाऱ्यावर सोडलं त्याच्यासाठी इंग्रजीत 'जिल्टेड' म्हणतात. वाऱ्यावर सोडलेल्या पिढीचं संगीत, असं अल्बमचं नाव. सोडलं कुणी, हे अल्बमच्या आतल्या कागदावर छापलेलं आहे: तरुणांची मौज सरकार कशी काय थांबवू शकतं, असा तिथे प्रश्न आहे आणि पुढे शिवी घालून लढायचं आवाहन. त्या वेळी ब्रिटनच्या संसदेत एक विधेयक पुढे सरकत होतं. गृहमंत्री होते मायकल हॉवर्ड. ३ नोव्हेंबर १९९४ रोजी राजमान्यता मिळून त्याचा 'क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर अ‍ॅक्ट' झाला. त्याच्या ६३ व्या कलमात एक वाक्य आहे, आणि हा लेख मी त्या वाक्यासाठी लिहितो आहे. मराठीत ते साधारण असं होईल: ज्या ध्वनींचं स्वरूप पूर्णपणे किंवा मुख्यत्वे एकामागोमाग येणाऱ्या पुनरावृत्त ठेक्यांचं आहे, अशा ध्वनींचाही 'संगीत' या शब्दात समावेश होतो.

कायद्याच्या पुस्तकात ठेक्याची व्याख्या. मला हे वाक्य पहिल्यांदा वाचल्यापासून अस्वस्थ करत आलं आहे. रात्री शांत झोपायचा हक्क मी पूर्णपणे मानतो आणि आवाजाला कायद्याचा लगाम हवाच असंही मानतो. पण तो लगाम आवाज किती, कुठे आणि किती वाजता एवढ्यावरच असला पाहिजे. कुठल्या जातीचं संगीत आणि त्यावर कोण नाचतं, हे सरकारने कलमात लिहायला घेतलं की चूक होते. ती चूक इंग्लंडमध्ये झाली, आणि आपल्याकडे वेगळ्या वाटेने होते आहे.

आधी तिथली हकिगत. १९८८-८९ च्या सुमाराला इंग्लंडमध्ये 'अ‍ॅसिड हाऊस' या यंत्रांवर वाजणाऱ्या नृत्यसंगीताची लाट आली. लंडनला वळसा घालणाऱ्या एम-२५ या मोठ्या रस्त्याच्या आसपास, ओस पडलेल्या गोदामांत आणि शेतांत, रात्रभर नाच चालायचा. अशा पार्ट्यांना 'रेव्ह' म्हणत. पत्ता शेवटच्या क्षणी फोनवरून कळायचा. १९९० मध्ये खासदार ग्रॅहम ब्राइट यांच्या विधेयकातून कायदा झाला आणि विनापरवाना कार्यक्रमाचा दंड २० हजार पौंडांवर गेला. पैसे घेऊन कार्यक्रम करणारे त्यामुळे परवानाधारक क्लबांकडे वळले. उरले ते तिकीटच न लावणारे. गाड्यांतून राहणारे, गावोगाव फिरणारे प्रवासी आणि 'स्पायरल ट्राइब'सारखे स्वतःचे स्पीकर घेऊन हिंडणारे गट एकत्र आले.

मे १९९२ च्या अखेरीस, सुटीच्या लांब वीकएंडला, दरवर्षीची एव्हन फ्री फेस्टिव्हल होऊ नये म्हणून पोलिसांनी प्रवाशांच्या गाड्या हुसकल्या. त्या गाड्या सरकत सरकत वूस्टरशायरमधल्या मॅल्व्हर्न टेकड्यांच्या पायथ्याशी, कॅसलमॉर्टनच्या सार्वजनिक गायरानावर पोचल्या. बातम्यांतून जागा कळली तसे लोक येत गेले. वीस हजारांपासून चाळीस हजारांपर्यंतचे अंदाज आहेत. आठवडाभर स्पीकर वाजत राहिले. नंतर १३ जणांवर सार्वजनिक उपद्रवाच्या कटाचा खटला झाला, त्यावर सुमारे ४० लाख पौंड खर्च झाले आणि १९९४ मध्ये सगळे निर्दोष सुटले. तोवर सरकारने नवा कायदा करायचं ठरवलेलंच होतं.

कॅसलमॉर्टनच्या गावकऱ्यांची बाजू मी हलक्याने घेणार नाही. आठवडाभर झोप नाही, दाराशी घाण, मेंढ्यांवर मोकाट कुत्री. मला ते कल्पनेने समजून घ्यावं लागत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी झाली आणि ते घरी आले त्याच आठवड्यात आमच्या रस्त्यावरून विसर्जनाची मिरवणूक गेली. डॉल्बीच्या भिंतीसमोर आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. वडील पलंगावर उठून बसले होते, छातीवर हात ठेवून. मी खाली जाऊन हात जोडले. कार्यकर्त्यांनी 'पाच मिनिटं काका' म्हणत चाळीस मिनिटं काढली. त्या रात्री कुणी मला विचारलं असतं तर मी कुठल्याही कायद्यावर सही केली असती. म्हणूनच अशा रात्रीच्या रागातून कायदे होऊ नयेत असं मला वाटतं.

१९९४ चं ६३ वं कलम नीट वाचलं तर त्यात गावकऱ्यांच्या संरक्षणाची तरतूद त्या ठेक्याच्या वाक्याशिवायही पूर्ण आहे. उघड्यावर शंभर किंवा अधिक लोक, ध्वनिवर्धकावर संगीत, रात्रीची वेळ, आणि आवाजाची तीव्रता, कालावधी व वेळ यांमुळे परिसरातल्या रहिवाशांना गंभीर त्रास होण्याची शक्यता. एवढं जुळलं की पोलीस लोकांना निघून जायला सांगू शकतात. न गेल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद. इथपर्यंत मला फारशी तक्रार नाही. मग ठेक्याचं वाक्य कशाला? मसुदा करणाऱ्यांची बाजू अशी मांडता येते की उद्या कुणी वकील कोर्टात उभा राहून 'हे तर संगीतच नाही, नुसते यंत्राचे ठोके आहेत' असं म्हणून सुटू नये. शब्द 'समावेश होतो' असा आहे. बाकीचं संगीत त्यामुळे सुटत नाही. रात्री दोन वाजता गायरानावर कुणी बेथोव्हेन त्याच आवाजात लावला तर कागदावर तोही सापडतो.

हे सगळं मान्य करूनही माझी हरकत उरते. त्या एका वाक्याने कायद्याने आपलं बोट कुणाकडे आहे ते सांगून टाकलं. गायरानावर बेथोव्हेन कुणी लावत नाही, आणि लावला तर पोलीस कुठलं कलम काढतील याचा अंदाज सगळ्यांना आहे. शिवाय 'पुनरावृत्त ठेके' हे त्या संगीताचं वर्णन कुणाचं? लांबून, बंद खिडकीआडून, वैतागून ऐकणाऱ्याचं. भिंतीतून आवाज गाळून आला की सूर मागे राहतात आणि फक्त धप् धप् पोचतं. वैतागलेल्या शेजाऱ्याच्या कानाला जे ऐकू आलं, ते कायद्याने त्या संगीताचं लक्षण ठरवलं. पंढरीच्या वाटेवर टाळ-मृदंगावर 'ग्यानबा-तुकाराम' ऐकलेल्या माणसाला हे लगेच कळेल. तिथेही ठेका पुन्हा पुन्हा येतो, तासन्‌तास येतो, आणि त्या पुन्हा येण्यातच चालण्याचं बळ असतं. पुनरावृत्ती हा दोष आहे असं गृहीत धरूनच ते वाक्य लिहिलं गेलं आहे.

आणि गंमत बाजूला ठेवून सांगायचं तर हा अल्बम त्या व्याख्येत नीट बसतही नाही. प्रॉडिजीचं संगीत रचणारा लिअम हाउलेट हा एसेक्समधल्या ब्रेनट्रीचा मुलगा. रोलँड डब्ल्यू-३० या कीबोर्डवजा सॅम्पलरवर तो जुन्या तबकड्यांतले ड्रमचे तुकडे कापायचा, वेग वाढवायचा, उलटसुलट जोडायचा. हे 'ब्रेकबीट' सरळ रेषेत पडत नाहीत. ते अडखळतात, मधेच मोडतात, सम चुकवून पुढे जातात. सुरुवातीला टाइपरायटरची टकटक येते आणि एका चित्रपटातून उचललेला आवाज सांगतो की भलत्या हातांत पडू नये म्हणून आपण आपलं काम पुन्हा भूमिगत नेतो आहोत. मग 'ब्रेक अँड एंटर'मध्ये काच फुटते, 'वूडू पीपल'मध्ये रॉक गिटारच्या फटकाऱ्यांवर बासरी चढते, 'स्पीडवे'त इंजिनं घोंघावतात, 'पॉइझन'मध्ये वेग एकदम खाली येतो आणि गटातल्या मॅक्सिमचा आवाज अंगावर येतो. शेवटचे तीन तुकडे मिळून 'नार्कोटिक स्वीट' होतो. जवळजवळ ७८ मिनिटांचा हा सगळा ऐवज, एका सीडीत मावेल तेवढा. त्या वर्षी ब्रिटनमधल्या मर्क्युरी संगीत पुरस्काराच्या नामांकनांतही तो होता. यातला एकच ठेका पुन्हा पुन्हा ऐकू येणाऱ्याने भिंतीपलीकडूनच ऐकलेलं असणार.

'देअर लॉ' या गाण्याबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. 'पॉप विल ईट इटसेल्फ' या गटाला बरोबर घेऊन केलेलं हे गाणं नृत्यसंगीताच्या मानाने जड आणि संथ आहे. गिटारचा खरखरीत आवाज जमिनीवरून फरफटत नेल्यासारखा येतो. शब्द जवळजवळ नाहीत. कायदा त्यांचा आहे आणि तो आम्ही जुमानत नाही, एवढाच आशय. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की प्रॉडिजी काही चळवळीतली माणसं नव्हती. गायरानावर फुकट वाजवणाऱ्या स्पायरल ट्राइबशी त्यांची तुलना होऊ शकत नाही. १९९१ मध्ये लहान मुलांच्या सुरक्षाफितीतल्या मांजराचा आवाज वापरून केलेलं त्यांचं 'चार्ली' तिसऱ्या क्रमांकावर गेलं, आणि पुढच्या वर्षी 'मिक्समॅग' मासिकाने याच गाण्याने रेव्हचा जीव घेतला का, असा सवाल केला होता. रेव्हवाल्यांनाच जे बाजारू वाटत होते, त्यांना राजकारणाशी घेणंदेणं नव्हतं. अशा नाचगाण्याच्या पोरांनाही कायद्याविरुद्ध बोलायला लावणारी ती तरतूद होती. सरकारने ठेक्याचं नाव घेतल्यावर ठेका वाजवणारा प्रत्येक जण आपोआप पक्षकार झाला.

शेफील्डच्या 'वॉर्प' कंपनीने काढलेल्या, ऑटेकर या इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या जोडीच्या 'अँटी' या छोट्या तबकडीचं उत्तर मला सर्वांत धारदार वाटतं. तिच्या वेष्टनावर सूचना होती: पहिल्या दोन रचनांत पुनरावृत्त ठेके आहेत, तेव्हा कायदा झाला तर त्या वाजवू नका. तिसरी रचना, 'फ्लटर', अशी बांधली होती की तिच्यातली कुठलीही दोन आवर्तनं सारखी नाहीत. तरीही ती वाजवताना पोलिसांनी त्रास दिलाच तर एक वकील आणि एक संगीततज्ज्ञ जवळ ठेवा, असा सल्ला होता. मिळणारे पैसे 'लिबर्टी' या नागरी हक्कांच्या संघटनेला गेले. 'फ्लटर' आज ऐकलं तर सुंदर वाटतं, आणि त्यावर बिनदिक्कत नाचता येतं. म्हणजे व्याख्या चुकवूनही नाच शिल्लक राहतो.

आता त्या कायद्याच्या बाकीच्या पानांकडे. ६५ व्या कलमाने गणवेशातल्या पोलिसाला, जमावाच्या जागेच्या हद्दीपासून पाच मैलांच्या आत, 'हा तिकडेच निघाला आहे' असं रास्तपणे वाटलं तर कुणालाही परत पाठवायचा अधिकार दिला. पाच मैल त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे दोनशे चौरस किलोमीटरहून मोठा मुलूख. त्यात स्पीकर नसलेला, अजून काही न केलेला माणूस अडवला जातो, त्याच्या कपड्यांवरून आणि केसांवरून. याच कायद्याने आरोपीच्या गप्प राहण्यातून प्रतिकूल निष्कर्ष काढायला वाट दिली, संशय नसताना झडती घेण्याचे अधिकार वाढवले, शिकारविरोधी आणि रस्ताविरोधी आंदोलकांसाठी नवा अतिक्रमणाचा गुन्हा आणला, आणि भटक्या जिप्सींना तळासाठी जागा देण्याचं स्थानिक परिषदांवरचं १९६८ पासूनचं बंधन काढून टाकलं. हे सगळं एका जागी ठेवून पाहिलं की आवाजाचा प्रश्न लहान होतो. घर नसलेले, तिकीट न काढणारे, परवानगी न मागता एकत्र जमणारे लोक हा त्या कायद्याचा विषय होता. परवाना असलेल्या कार्यक्रमाला ६३ वं कलम लागतच नाही. तोच ठेका, तेवढाच आवाज, तीच रात्र; दारावर तिकीटखिडकी असली की भागलं.

याचा एक पुरावा आपल्या दाराशी आहे. गोव्यातल्या हणजुण्याच्या किनाऱ्यावर सत्तरच्या दशकापासून परदेशी हिप्पींच्या पौर्णिमेच्या पार्ट्या होत. ऐंशीच्या दशकात तिथे गिटारच्या जागी यंत्रांचे ठेके आले. गोवा गिल या अमेरिकन माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी, उन्हात वाकणाऱ्या तबकड्या सोडून, डिजिटल फितींवर रात्ररात्र वाजवलं. ते ऐकून परतलेल्या इंग्रजांनी लंडनमध्ये 'ड्रॅगनफ्लाय'सारख्या तबकड्यांच्या कंपन्या काढल्या आणि 'गोवा ट्रान्स' हे नाव जगभर गेलं. डिसेंबर १९९४ मध्ये, म्हणजे कायद्याला मान्यता मिळाल्यानंतर सहा-सात आठवड्यांत, बीबीसीच्या रेडिओ १ वरून पॉल ओकनफोल्ड या इंग्रज डीजेचा दोन तासांचा 'गोवा मिक्स' प्रसारित झाला. एकामागोमाग येणारे पुनरावृत्त ठेके, सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या नभोवाणीवरून, घराघरांत. कुणालाच त्यात धोका दिसला नाही, कारण ऐकणारे आपापल्या खोलीत होते.

पुढे सरकार बदललं, पक्ष बदलला, पण कलम गेलं नाही. २००३ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने शंभरचा आकडा वीसवर आणला आणि बंद जागेत अतिक्रमण करून केलेल्या पार्ट्याही त्यात ओढल्या. वीस माणसं म्हणजे एखाद्या वाढदिवसाची मंडळी. २०२२ च्या पोलीस कायद्याने तर मोर्चाच्या आवाजामुळे एखाद्या संस्थेच्या कामात गंभीर अडथळा येईल असं वाटलं की मोर्चावर अटी घालण्याचा अधिकार पोलिसांना दिला. १९९४ मध्ये जी हरकत नाचणाऱ्यांच्या आवाजाला होती ती २०२२ मध्ये घोषणा देणाऱ्यांच्या आवाजापर्यंत पोचली. ऑक्टोबर १९९४ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये या विधेयकाविरुद्ध जमलेले लोक हेच ओरडून सांगत होते.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत खरोखर बरा आहे, आणि ते कौतुकाने सांगावंसं वाटतं. २००० चे ध्वनिप्रदूषण नियम कुठल्याही संगीताचं नाव घेत नाहीत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याला बळ दिलं. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिवर्धक वापरणं हा धर्मस्वातंत्र्याचा भाग नाही, असं स्पष्ट केलं. मोजायचं यंत्र, जागा, घड्याळ. भजन असो, रिमिक्स असो की उमेदवाराचं भाषण, आकडा सगळ्यांना एकच.

पण आपण बोलतो कसं? 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव.' 'डीजे बंद, पारंपरिक वाद्यं चालू.' साताऱ्या-कोल्हापुराकडे 'डॉल्बी' हा शब्दच शिवीसारखा झाला आहे. 'रेव्ह' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत आला तोच छाप्याच्या बातमीतून, आणि आजही तो संगीताचा शब्द म्हणून कुणाला ठाऊक नाही. नियमात नसलेलं ते इंग्लंडचं वाक्य आपण बोलण्यातून, फलकांतून आणि मंडळांना काढलेल्या नोटिशींतून स्वतःच लिहून घेतलं आहे. मी ढोल-ताशा पथकांचा चाहता आहे. तरीही शंभर-दीडशे ढोलांच्या पथकाशेजारी, दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या अरुंद रस्त्यावर उभं राहिलं की छातीत जे होतं, ते डॉल्बीसमोर होतं त्याहून वेगळं नसतं. हृदयाचा रुग्ण वाद्याचं नाव विचारत नाही. ढोलाला संस्कृतीचा परवाना आणि डॉल्बीला असंस्कृतपणाचा शिक्का, ही वाटणी आवाजाची नाही. कुठल्या वस्तीतली, कुठल्या घरातली पोरं कशावर नाचतात याची आहे. पथकात ढोल बांधायला वेळ, सराव आणि पोशाख लागतो. डॉल्बीसमोर नाचायला काहीच लागत नाही, म्हणून तिथे ती पोरं असतात ज्यांना दुसरीकडे कुणी बोलावत नाही. त्यांच्यावरचा राग आपण वाद्यावर काढतो.

आणि आकडा मोजणं सोपं आहे. पोलीस ठाण्यात गणपतीआधी शांतता समितीची बैठक होते, तिथे मंडळांचे अध्यक्ष, नगरसेवक आणि आमच्यासारखे रहिवासी बसतात. दरवर्षी वादाचा विषय एकच असतो: डॉल्बीला परवानगी द्यायची की नाही. यंदा मी तिथे लेखी मागणी देणार आहे. परवानगीच्या कागदावर वाद्याचं नाव नको. डेसिबलचा आकडा, सुरू आणि बंद करायची वेळ, आणि कुठल्या घराच्या खिडकीत मोजायचं ती जागा लिहा. पहिली जागा मीच सुचवणार आहे, आमच्या दुसऱ्या मजल्यावरची, वडिलांच्या पलंगाशेजारची खिडकी. मिरवणूक खालून जाईल तेव्हा मीटर तिथे असू दे, डॉल्बीच्या वेळीही आणि पथकाच्या वेळीही.